शेणकाला आणि दुपारची बॅच

आमच्या घरी पोळ्या पत्रकात गुंडाळल्या जायच्या. वडील रेल्वेत होते, दौंडच्या कॉलनीत क्वार्टर होतं आणि कॉटखाली युनियनच्या उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. ‘आई’ लिहिता येण्याआधी मला ‘बंधूंनो’ लिहिता यायचं, असं आई अजून चिडवते. तिसरीत ‘गाय’ या निबंधाच्या शेवटी मी गाईच्या चार मागण्या लिहिल्या होत्या. बाईंनी त्या खोडल्या. वडिलांनी मात्र निबंध दोनदा वाचला आणि म्हणाले, "चौथी मागणी आधी घ्यायला हवी होती."

अशा घरात वाढलेल्या मुलीचा छापलेल्या शब्दावर फार विश्वास बसतो. माझाही होता. त्याच विश्वासानं दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एक पत्रक काढलं आणि एका माणसाचं काम जवळजवळ घालवलं.

वरवंडच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, एका संस्थेचा पोहण्याचा तलाव आहे. सगळे त्याला टँकच म्हणतात. सकाळी आणि संध्याकाळी पुरुषांच्या आणि मुलांच्या बॅचा असायच्या. बायकांना वेळच नव्हती. मी सह्या गोळा केल्या, तीन पत्रकं काढली, एकदा अध्यक्षांच्या गाडीपुढे उभी राहिले. तेव्हा कुठे दुपारी दोन ते तीनची वेळ मिळाली, तीही ऐन एप्रिलात. दुसऱ्या कुणालाही नको असलेला तास होता तो. तरी आम्ही चौदा जणी यायला लागलो.

त्यात एक काकू होत्या, शेवंती आणि झेंडू लावणाऱ्या घरातल्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. त्या चालल्या नाहीत. सरळ पाण्यावर उताण्या झाल्या आणि डोळे मिटून तरंगत राहिल्या. आम्ही बघतच राहिलो.

"काकू, तुम्हाला येतं?"

"न यायला काय झालं? पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधला आन् बापानं हिरीत ढकलून दिली. चार दिसांत शिकले. मग शानी झाले आन् हीर बंद." थोड्या वेळानं डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आज डोक्यावर पाटी न्हाई असं वाटतंय बघ."

त्या एका वाक्यासाठी मी आणखी तीस पत्रकं काढली असती.

पंपावर एक मामा होते. साठीच्या आसपासचे, भीमेवरच्या एका उपसा योजनेच्या पंपावर उभी हयात गेलेली. ती योजना बंद पडल्यावर इथे लागले. रोज कासुर्डीहून जुन्या मोपेडवर यायचे. बायकांची बॅच सुरू व्हायच्या आधी बादलीनं फरशीवर पाणी मारून ठेवायचे आणि मग पंपघराच्या मागे, हायवेकडे तोंड करून बसायचे. तीन वाजेपर्यंत मान वळवायचे नाहीत. फरशीवर पाणी का मारतात हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. आमचे पाय भाजत नाहीत एवढं खरं होतं, पण न भाजणाऱ्या पायांकडे कोण लक्ष देतं?

माझं लक्ष दुसरीकडे होतं. सकाळी टँकवरून जाताना पाणी आरशासारखं दिसायचं, तळाची फरशी मोजता यायची. दुपारी आम्ही उतरलो की तेच पाणी गढूळ, मधोमध धुरळा बसलेला. दोन आठवडे मी हे बघत होते. पुरुषांना आरसा आणि आम्हाला गाळ! पत्रकाचं वाक्य डोक्यात तयारच होतं.

आणि मग एका सोमवारी आम्ही पाण्यात उतरलो, तेव्हा तळाच्या जाळीभोवती तपकिरी ढग होता. त्यात काड्या होत्या. कोंडा होता. मी ओंजळीत घेतलं, वास घेतला. शेण.

शेण आणि बाई हे दोन शब्द एकत्र आले की महाराष्ट्रात शिकलेल्या कुठल्याही मुलीला काय आठवतं ते सांगायला नको. शिकवायला निघालेल्या बाईच्या अंगावर शेण फेकणाऱ्या हातांच्या गोष्टीवर आम्ही वाढलोय. मी ओल्या कपड्यांनिशी बाहेर आले आणि पंपघराच्या मागे जाऊन ओरडले, "पाण्यात शेण कुणी टाकलं?"

मामा उठले. त्यांनी हात जोडले. "चुकलं पोरी," ते म्हणाले.

मागून काकू काहीतरी बोलत होत्या. "अगं, थांब, ह्यो शेणकाला हाय, ह्यो..." एवढं मला ऐकू आलं. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. कबुली मिळाली होती.

संध्याकाळपर्यंत पत्रक छापून झालं. मथळा होता: ‘शेण फेकणारा तो हात अजून जिवंत आहे!’ खाली तीन मागण्या. पहिली, संस्थेनं जाहीर माफी मागावी. दुसरी, बायकांना सकाळची वेळ द्यावी. तिसरी, संबंधित कर्मचाऱ्याला तत्काळ बडतर्फ करावं. शेवटी सही: ‘दौंड-शिरूरच्या तमाम महिला’. दुसऱ्या दिवशी दौंड स्टेशनबाहेर, चौफुल्यावर आणि पार शिरूरच्या स्टँडवर मी स्वतः ते वाटलं. एका चहावाल्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, चार माणसं जमली. मला फार बरं वाटलं.

घरी आले तर वडील चष्मा लावून तेच वाचत होते. भाषेचं कौतुक होईल म्हणून मी समोर बसले.

"हा पंपावरचा माणूस कायम आहे की कंत्राटी?"

"माहीत नाही."

"त्याचं म्हणणं काय आहे?"

"चुकलं म्हणाला. हात जोडले त्यानं."

"हात तर साहेबापुढे सगळेच जोडतात." त्यांनी पत्रक घडी करून टीपॉयवर ठेवलं. "मी इतकी वर्षं पत्रकं काढली. ‘कामावर परत घ्या’ असं शंभरदा छापलं असेल. ‘बडतर्फ करा’ असं आपल्या घरातून पहिल्यांदाच गेलं."

आवाज चढला नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं. मी चिडून म्हणाले, बायकांचा अपमान तुम्हाला कळायचा नाही. ते जेवायला उठले.

बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला.

"तमाम महिलांत मी हाय का न्हाई?"

"आहात की काकू."

"मग मला इचारलंस का? माझ्या नावानं त्या माणसाच्या पोटावर पाय दिलास. त्याला शनवारच्या मीटिंगीत काढणारेत. ये हिकडं. आत्ता ये."

मी स्कूटर काढली. काकू टँकच्या फाटकात उभ्याच होत्या. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला पंपघरात नेलं. मामा आत फिल्टर धुवत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला आणि पुन्हा हात जोडायला गेले.

"हात खाली करा आधी," काकू म्हणाल्या. "आन् हिला नीट सांगा. शिकलेली हाय, सावकाश सांगा."

मामांनी सांगितलं. पंप टँकच्या तळातून पाणी ओढतो आणि वाळूच्या फिल्टरमधून ढकलतो. स्वच्छ झालेलं पाणी परत टँकमध्ये जातं. पंप आणि फिल्टर यांच्या मधल्या पाइपात एक झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते, पंप थांबला की मिटते. दुकानात तिला एनआरव्ही म्हणतात. ती झडप बिघडली होती, मिटत नव्हती. फिल्टर उंचावर, टँक खाली. पंप थांबला की फिल्टरमध्ये अडकलेली सगळी घाण उलट्या पाण्याबरोबर तळाच्या जाळीतून टँकमध्ये यायची.

"पण मग दुपारीच का?"

"बाराला थ्री फेज जाती. पावणेदोनला येती. सकाळच्या बॅचला पंप चालू असतो, दिसत न्हाई. तुमच्या वाट्याला बरोबर सगळं येतं."

म्हणजे पुरुषांना आरसा आणि आम्हाला गाळ हे खरंच होतं. फक्त त्यामागे माणूस नव्हता. वीज मंडळाचं वेळापत्रक आणि तळहाताएवढी झडप होती. (आमचा तास दुपारचा ठेवणारी माणसं मात्र होती, हे मी अजूनही म्हणते.)

"आणि शेण?"

मामांनी काकूंकडे पाहिलं. काकूच बोलल्या. "आमच्या हिरीवर फुटबॉल गळाया लागला की काय करतो आम्ही? पाइपाच्या टोकाला झडपच असती, तिला म्हणत्यात फुटबॉल. शेणकाला वततो पाइपात. काड्या जाऊन बसत्यात फटीत. पाणी धरतं चार दिस. सगळी दुनिया करती. सोमवारी मी तुला तेच सांगत हुते, पर तू कुठं ऐकतीस!"

"नदीवर मी जलमभर तेच केलं," मामा म्हणाले. "नवी झडप मागितली हुती. येईस्तोवर तुमचं पाणी खराब नको म्हणून वतला. दोन दिस धरलं बी. मला वाटलं वाळू हाय पुढं, वाळू धरंल. तिनं धरलं, आन् लाइट गेल्यावर सगळं मागं सोडलं. प्यायचं न्हाई, पर अंगाला लागायचं पाणी हाय, एवढा इचार मी केला न्हाई. चूक ती माझीच."

त्यांनी भिंतीला टांगलेलं रजिस्टर काढून दिलं. त्यात त्यांच्या थरथरत्या अक्षरात दोन ठिकाणी लिहिलं होतं: ‘यन आर व्ही खराब. नवी पाहिजे.’ शेजारचा सहीचा रकाना कोरा होता.

मी रजिस्टर मिटून काखेत घेतलं. विचारलं, काम गेलं तर काय करणार?

"करायचं काय? घरी बसायचं. सून चांगली हाय, वेळेवर ताट देती. पर घरी बसल्या माणसाला दिसभर कुणी हाक मारत न्हाई." त्यांनी पंपावर हात ठेवला. "ह्यो मारतो."

आम्ही तिघं तसेच संस्थेच्या कार्यालयात गेलो. सचिवांच्या टेबलावर माझं पत्रक होतं आणि त्याच्या खाली टाइप केलेला एक कागद.

"ताई, तुमची तिसरी मागणी मंजूर होतेय. शनिवारी फक्त सही बाकी."

"ती मागणी मी मागे घेते."

"मागे? पत्रक काय अर्ज असतो का, मागे घ्यायला? शिरूरपर्यंत वाचलंय लोकांनी. आता नाही काढलं तर संस्था शेण खाते असं म्हणतील."

मी रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ते माझ्याकडे न बघता चष्मा पुसायला लागले. मग मामांना विचारलं,

"झडप बदलल्यानं पाणी स्वच्छ राहील?"

"ऱ्हाईल," मामा म्हणाले.

"शनिवारी दुपारी अध्यक्षांना तिथेच उभं करतो. लाइट गेल्यावर टँकमध्ये एक कण जरी आला, तर मी काही करू शकणार नाही." आणि झडपेची चिठ्ठी लिहून दिली.

मामांना मागे बसवून मी कुरकुंभला गेले. कारखान्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात परराज्यातून आलेला एक माणूस होता. मामांनी जुन्या झडपेचं नीट वर्णन केलं आणि पितळेची मागितली, शेतातल्यासारखी.

"पीतल नहीं चाचा. क्लोरीन खा जाएगा," तो म्हणाला. त्यानं पांढरी प्लॅस्टिकची झडप पुढे ठेवली, आतलं पान बोटानं हलवून दाखवलं. "तीर देखो. पानी जिधर जाता है, उधर. और चिपकाने के बाद कल तक हाथ नहीं लगाना."

"कल तक?" मामा मला हळूच म्हणाले. "आम्ही बिडी संपली की मोटार चालू करतो."

गुरुवारी सकाळी त्यांनी हॅक्सॉ ब्लेडनं पाइप कापला. जुनी झडप बाहेर आली तेव्हा माझ्या हातात दिली. रबराचं पान फुगून वाकडं झालं होतं, बिजागरीपाशी तुटलं होतं, आणि फटीत शेणाच्या वाळक्या काड्या घट्ट बसल्या होत्या, कुणी मुद्दाम विणल्यासारख्या. माझ्या मथळ्यातला हात हा असा होता.

मग मी हमाली केली. पाइपाची टोकं घासली, पुसली. मामांनी सोल्युशन लावून झडप बसवली, बाणावर बोट ठेवून मला विचारलं, "कुठं तोंड हाय?"

"फिल्टरकडे."

"पुन्यांदा बघ. तुझं बघणं घाईचं असतं."

मी पुन्हा बघितलं. फिल्टरकडेच होतं. दुपारी लाइट आल्यावर त्यांचा हात दोनदा स्टार्टरकडे गेला. दोन्ही वेळा मी मध्ये उभी राहिले. त्या दिवशी आमची बॅच झाली नाही. बारा-तेरा जणी पंपघराच्या सावलीत बसल्या, काकूंनी आणलेली काकडी खाल्ली आणि मला यथेच्छ बोलून घेतलं. "पुढल्या पत्रकात मला पुढारी कर," एक म्हणाली. "न्हाई तर तमाममध्ये तरी घालू नको."

शुक्रवारी दुपारी लाइट आल्यावर पंप चालू केला. मामांनी आधी फिल्टर उलटा धुतला, पाणी बाहेरच्या चरात सोडलं. पहिल्यांदा तपकिरी, मग पिवळं, मग स्वच्छ. त्याआधी दीड वाजता त्यांनी नेहमीसारखं फरशीवर पाणी मारलं होतं. या वेळी मी पायात चप्पल न घालता, पाणी न मारलेल्या कडेवरून चालून बघितलं. चार पावलांत उडी मारून ओल्यावर आले. मामा पाठमोरे होते, त्यांनी पाहिलं नाही.

शनिवारी बाराला पाच मिनिटं असताना आम्ही टँकच्या कडेला उभे राहिलो. अध्यक्ष, सचिव, संस्थेचे दोघं, आम्ही चौदा जणी. मामा पंपघराच्या दारात. अध्यक्षांना मोठ्या बागायतदार घरातला रुबाब होता आणि उन्हात उभं राहायची सवय नव्हती. पंपाचा आवाज चालू होता. बारा वाजले. आवाज चालूच. बारा दहा.

"आज नेमकी जात नाही वाटतं," सचिव म्हणाले.

"कवा नव्हं ती मंडळाला दया आली," काकू म्हणाल्या.

बारा अठराला पंप थांबला. एकदम इतकी शांतता झाली की हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. सगळ्यांच्या माना खाली. तळाच्या जाळीवर पाणी थोडं हललं. मी मामांकडे बघितलं, ते जाळीकडे बघत नव्हते. डोळे मिटून, कान पंपघराकडे लावून उभे होते.

"मिटली," ते म्हणाले. "टक्कन वाजली."

आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. पण पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. पांढरी फरशी पांढरीच राहिली. अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली.

"ठीक आहे. राहू द्या यांना. पण मामा, हितनं पुढं शेण न्हाई."

"न्हाई साहेब."

"आणि रजिस्टर?" मी विचारलं. "त्यावर दर आठवड्याला सही कोण करणार?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी जाळीकडे. "करतो," ते म्हणाले. एवढ्यात काकूंनी पदर खोचला आणि लाइट यायची, दोन वाजायची वाट न बघता पाण्यात उतरल्या. अध्यक्ष घाईनं पाठ फिरवून चालायला लागले. मामा आधीच हायवेकडे तोंड करून बसले होते.

दुसरं पत्रक लिहायला मला तीन दिवस लागले. माफी मागणारं पत्रक आमच्या घरात नमुन्याला सुद्धा नव्हतं. मी लिहिलं की शेण कुणी फेकलं नव्हतं, ते बायकांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून वापरलं होतं, चुकीच्या ठिकाणी. मी चौकशी न करता एका कामगाराला बडतर्फ करा असं छापलं, ती मागणी चुकीची होती. झडप दोनदा मागूनही संस्थेनं दिली नव्हती. सकाळच्या वेळेची मागणी कायम आहे. खाली सगळ्यांना विचारून चौदा सह्या. वडिलांनी वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि म्हणाले, "पन्नास जास्त काढ. हे पहिल्यापेक्षा लांब न्यावं लागतं."

मामांनी पंपघरात बसून ते ओळ न ओळ बोट ठेवून वाचलं. "समदं बरोबर हाय," म्हणाले. "फकस्त नदीवर ते दोन-दोन म्हयनं धरायचं, ते न्हाई लिहिलंस."

मग मी पुन्हा तीच वाट धरली. स्टेशन, चौफुला, शिरूर. स्टँडवरच्या त्या चहावाल्यानं पहिलं पत्रक काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलं होतं. त्यानं दुसरं वाचलं, या वेळी मनातल्या मनात. कुणी जमलं नाही.

"ताई, आधीचं भारी होतं," तो म्हणाला.

"व्हय. पण खोटं होतं. ते काढा."

त्यानं काच उचलली, जुनं ओढून काढलं, नवं सारलं. मग दूध गाळता गाळता विचारलं, "मग त्या मामाचं काय झालं? ऱ्हायला का कामावर?"

"राहिले."

"मग बरं," तो म्हणाला आणि माझ्यापुढे चहा ठेवला.